मुंबई-लंडन विमान तिकीट: आईबाबांना धोंड्याच्या महिन्याआधी आणायचंय, स्वस्तात कसं जमेल?

जाईजुई | ११ जानेवारी २०२६, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही लंडनला, हॅरोत राहतो. आईबाबा पुण्यात, सिंहगड रस्त्याला. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. मागच्या धोंड्याला, २०२३ साली, आमचं इथलं बस्तान बसायचं होतं, त्यामुळे राहून गेलं. या वेळी आईनं दिवाळीतच सांगून टाकलंय की जावयाला तेहतीस अनारसे ती स्वतःच्या हातानं देणार. व्हिसा झालाय, बाबांचा गुडघाही बराच सुधारलाय. घोडं अडलंय ते तिकिटाशी.

गेले तीन आठवडे लेक झोपली की मी लॅपटॉप उघडून बसते. १० मेला निघून २९ ऑगस्टला परत, असं टाकलं की थेट विमानाचे माणशी ९४ हजार. आखातात थांबा घेतला तर ७१ हजार. एका साइटवर ५३ दिसले, आनंदानं टिचकी मारली तर पुढच्या पानावर ६६ झाले आणि त्यात बॅग नव्हती. काल तेच ९४ वाले ९७ झालेत. नवरा म्हणतो, "तू रोज बघतेस म्हणून वाढतायत." हे खरं आहे का?

थांबलं तर कमी होतील का? मुंबईऐवजी दुसरीकडून बघू का? आई ६४, बाबा ६९. दोघं एकटे पहिल्यांदाच एवढं लांब येणार आहेत. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

---

डेक्कनवाला | ११ जानेवारी, रात्री ११:१५

नवरा बरोबर बोलतोय. इनकॉग्निटो उघडून बघा, आणि मंगळवारी मध्यरात्रीनंतर बघा. कुकीज पुसा. मी दर वेळी असंच करतो, मस्त मिळतं.

---

तिकीटखिडकी | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

डेक्कनवाला, हलके घ्या, पण मंगळवार मध्यरात्र ही आमच्या धंद्यातली मुंजाची गोष्ट आहे. सगळ्यांनी ऐकलेली, पाहिलेली कुणीच नाही. पुण्यात बावीस वर्षं तिकिटं फाडली, आता निवृत्त आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

इकॉनॉमीच्या सगळ्या खुर्च्या दिसायला सारख्या असल्या तरी विकायला सारख्या नसतात. प्रत्येक उड्डाणात त्या अक्षरांच्या कप्प्यांत वाटलेल्या असतात. वायचा कप्पा सगळ्यात महाग, मग बी, एम, एच असं उतरत जातं. अक्षरांचा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा. प्रत्येक कप्प्याचं भाडं आणि अटी वेगळ्या. स्वस्त कप्प्यातली शेवटची खुर्ची गेली की पुढचा गिऱ्हाईक वरच्या कप्प्यात जातो. ९४ चे ९७ झाले म्हणजे बहुधा तेवढंच झालंय. तुमच्या लॅपटॉपला त्यातलं काही कळत नाही.

५३ चे ६६ हाही वेगळा प्रकार. तुलना करणाऱ्या साइटी भाव साठवून ठेवतात. कुणीतरी काही तासांपूर्वी शोधलेला भाव तुम्हाला दाखवतात आणि टिचकी मारल्यावर खरा भाव मागवतात. शिळी भाजी गरम करून वाढल्यासारखं.

आता कामाचं सांगतो. तुम्ही दोन माणसांचं एकदम शोधताय ना? एकदा एकाच माणसाचं शोधून बघा. स्वस्त कप्प्यात एकच खुर्ची उरली असेल आणि तुम्ही दोन मागितल्या, तर यंत्र दोन्ही खुर्च्या वरच्या कप्प्यातून देतं. एकाचं स्वस्त दिसलं तर दोन वेगळी तिकिटं काढा आणि कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्या, म्हणजे उड्डाण बदललं तर आईबाबांची फाटाफूट होणार नाही.

आणि ताई, १० मे ही तारीख कुणी सुचवली हो?

---

जाईजुई | १२ जानेवारी, सकाळी ८:२०

एकाच माणसाचं बघितलं!! ९७ ऐवजी ८९ आलं. डोकं गरगरतंय.

१० मे मीच ठरवली. धोंड्याच्या आधी आठवडाभर, म्हणजे जेट लॅग जाईल आणि आईचं अनारशाचं पीठ मुरेल. :)

---

तिकीटखिडकी | १२ जानेवारी, सकाळी ९:१०

तेच म्हणतोय. मे महिन्यात सगळा भारत लंडनला निघालेला असतो. शाळांना सुट्ट्या, ऊन तापलेलं, लेकीसुनांकडे जाणारे आईवडील, युरोप सहलीवाले. मुंबईहून लंडनकडे जाणारं विमान तेव्हा भरून वाहतं. त्याच आठवड्यात लंडनहून मुंबईला येणाऱ्या विमानात गर्दी बेताचीच असते. जुलैचा तिसरा आठवडा उजाडला, इंग्लंडच्या शाळा सुटल्या की चित्र उलटं. तिथले आपले लोक पोराबाळांना घेऊन इकडे येतात आणि ऑगस्टअखेर सगळे परत लंडनकडे पळतात. डिसेंबरात तर विचारू नका. सप्टेंबरात इकडून शिकायला जाणाऱ्या पोरांची झुंबड, प्रत्येकाच्या दोन दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर.

म्हणून "मुंबई-लंडन कधी स्वस्त असतं" या प्रश्नाला अर्थ नाही. गर्दी कुठल्या तोंडाला आहे ते विचारा आणि आईबाबांना तिच्या उलट्या तोंडाला बसवा. एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाणं बघा. आणि परतीला २९ ऑगस्टच का?

---

जाईजुई | १२ जानेवारी, दुपारी १:००

गणपती! आई घरच्या गणपतीला इथे राहणं शक्यच नाही.

---

तिकीटखिडकी | १२ जानेवारी, दुपारी १:२५

कालनिर्णय उघडा ताई. यंदा अधिक मासामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत. तुमच्याकडे आणखी दहाबारा दिवस आहेत.

---

जाईजुई | १२ जानेवारी, दुपारी १:३१

अरे देवा. धोंड्यासाठी तिकीट काढतेय आणि धोंड्यामुळेच गणपती पुढे गेलेत हे लक्षातच आलं नाही.

---

उंटावरचा_शहाणा | १२ जानेवारी, सायंकाळी ६:५०

तारखा वगैरे ठीक, पण थेट विमानाचा अट्टहास कशाला? दुबई, दोहा, अबूधाबी, बहारीन, कुवेत, मस्कत, इतके पर्याय आहेत. मी अकरा वर्षं मँचेस्टरला आहे, एकदाही थेट आलो नाही. पाय मोकळे होतात, विमानतळावर चहा मिळतो आणि प्रत्येकी वीसेक हजार वाचतात. आखाती कंपन्या लंडनपुरत्या नाहीत, बर्मिंगहॅम, ग्लासगो, न्यूकॅसलपर्यंत नेऊन सोडतात. हीथ्रोला उतरून पुढे ट्रेनच्या तिकिटाला शंभर पौंड घालणाऱ्यांनी याचा विचार करावा.

---

मालतीबाई_नाशिक | १२ जानेवारी, रात्री ८:१५

उंटावरचे भाऊ, तुमचं वय किती?

मी एकाहत्तर. हे पंचाहत्तर. मुलानं मागच्या वर्षी असंच स्वस्तात काढून दिलं. मुंबईहून पहाटे चारला निघालो, आखातात उतरलो तेव्हा डोळ्यांत झोप. व्हीलचेअर सांगितली होती. ती आली, पण त्या मुलानं आम्हाला एका कोपऱ्यात बाकड्यांवर नेऊन बसवलं, पासपोर्ट आणि बोर्डिंग पास स्वतःकडे ठेवले आणि "वेट हिअर" म्हणून गेला. दोन तास आला नाही. यांना बाथरूमला जायचं होतं, पण जागा सोडायची भीती. समोर पाटीवर आमच्या विमानाचं गेट बदललं तेही आम्हाला दिसत होतं. तो आला शेवटी, वेळेवर आला, काही बिघडलं नाही. पण ते दोन तास मी अथर्वशीर्ष म्हणत काढले.

मुलाला हे सांगितलं नाही. त्याला वाटतं आईबाबांना दुबई बघायला मिळाली.

जाई, पहिल्यांदा येतायत तर थेट आण. पुढच्या वेळी सरावतील.

---

जाईजुई | १२ जानेवारी, रात्री ८:४०

मालतीकाकू, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. आखात आमच्यापुरतं बाद.

---

उंटावरचा_शहाणा | १२ जानेवारी, रात्री ९:०५

काकू, चूक कबूल. मी एकट्या माणसाच्या हिशेबानं बोललो.

---

केरसुणी | १३ जानेवारी, सकाळी १०:३०

थांब्यावरून आठवलं म्हणून लिहिते. कुणी घाईत असेल तर वाचाच.

दोन वर्षांपूर्वी सासूसासऱ्यांचं तिकीट एका साइटवरून काढलं. नाव सांगत नाही, अशा बऱ्याच आहेत. मुंबई ते लंडन, एक थांबा, बाकीच्यांपेक्षा १४ हजारांनी स्वस्त. भावाच्या खाली बॅगेचं बारीक चित्र आणि करड्या अक्षरांत "सेल्फ ट्रान्सफर" असं लिहिलेलं. मला वाटलं स्वतः चालत गेट बदलायचं, त्यात काय मोठंसं!

त्याचा अर्थ, ही दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं आहेत. पहिल्या कंपनीला दुसरीचं अस्तित्वच माहीत नाही. बॅगा मधल्या विमानतळावर काढून घ्यायच्या, त्यासाठी इमिग्रेशनमधून बाहेर पडायचं, म्हणजे त्या देशात शिरायची परवानगी हवी, आणि पुन्हा चेक-इन. पहिलं विमान तीन तास उशिरा सुटलं आणि दुसरं गेलं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी सासूसासरे "आलेच नाहीत". जागेवर नवी तिकिटं काढली, ती मूळच्या दोघांच्या तिकिटांपेक्षा महाग पडली. सासऱ्यांनी आजवर एका शब्दानं विचारलं नाही, तेच जास्त लागतं.

एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असतील तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यावर पुढची सोय करणं कंपनीच्या गळ्यात असतं. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारनं आकाश बंद केलं तेव्हा माझी मैत्रीण दोहामार्गेच निघाली होती. हाल झाले, पण एकच तिकीट होतं म्हणून दुसऱ्या दिवशीच्या विमानात पैसे न भरता बसवलं.

---

हिशेबनीस | १३ जानेवारी, दुपारी २:१०

कुणी कराबद्दल बोललंच नाही, म्हणून माझा नेहमीचा रटाळ प्रतिसाद.

परतीच्या तिकिटात लंडनहून निघताना ब्रिटिश सरकारचा एअर पॅसेंजर ड्युटी नावाचा कर असतो. भारत त्यांच्या २००१ ते ५५०० मैलांच्या पट्ट्यात येतो. इकॉनॉमीला ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० पौंड, १ एप्रिल २०२६ पासून १०२. जाईजुईच्या आईबाबांची परती सप्टेंबरात, म्हणजे १०२ धरा. इकॉनॉमीत १६ वर्षांखालच्या मुलांना माफ, तुमच्या लेकीला लागणार नाही. साइटवर मुलाचं वय नीट भरलंत तर कर आपोआप वगळला जातो, पण आकारलेला दिसला तर परत मागा.

प्रीमियम इकॉनॉमीचा मोह होत असेल तर थांबा. सीटांमधलं अंतर ४० इंचांपर्यंतच असलं तरी तो वेगळा वर्ग असल्यामुळे कर दुपटीहून जास्त, एप्रिलपासून २४४ पौंड. भारतातून निघणाऱ्या तिकिटावर जीएसटीही इकॉनॉमीला ५ टक्के, वरच्या वर्गांना २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. बाबांच्या गुडघ्यासाठी जरा रुंद सीट घ्यायला जाल तर सीटचे पैसे एकीकडे आणि दोन सरकारांना दिलेले दुसरीकडे. त्यापेक्षा इकॉनॉमीतच पुढे मोकळी जागा असलेली सीट पैसे देऊन घ्या. फक्त आपत्कालीन दाराजवळची नको, तिथे गुडघेदुखीवाल्यांना बसू देत नाहीत.

आणखी एक. ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीचं विमान असेल तर मुंबईहून लंडनला येतानाही ब्रिटनचा नुकसानभरपाईचा कायदा लागू होतो. कंपनीच्या चुकीनं चार तासांहून जास्त उशीर झाला तर एवढ्या अंतराला माणशी ५२० पौंड. भारतीय कंपनी असेल तर फक्त लंडनहून निघणाऱ्या उड्डाणाला. हवामान किंवा बंद आकाश हे कंपनीच्या चुकीत धरत नाहीत.

---

उनाड | १३ जानेवारी, दुपारी ३:४५

हिशेबनीस, मग लंडनहून निघूच नये! युरोस्टार रेल्वेनं पॅरिसला जायचं किंवा बजेट विमानानं ॲमस्टरडॅमला, आणि तिथून मुंबई. इंडिगोचं ॲमस्टरडॅम-मुंबई आहेच २०२५ च्या जुलैपासून. ब्रिटनचा लांब पल्ल्याचा कर वाचला.

---

हिशेबनीस | १३ जानेवारी, सायंकाळी ४:२०

कल्पना जुनी आणि गोऱ्यांसाठी उत्तम. आपल्या निळ्या पासपोर्टला पॅरिसला शिरायला शेंगेन व्हिसा लागतो, त्याची फी ९० युरो, वर अपॉइंटमेंटसाठी रोज सकाळी पान रिफ्रेश करत बसायचं. १०२ पौंड वाचवायला ९० युरो. ब्रिटनचा कायमचा रहिवास असला तरी भारतीय पासपोर्टवाल्याला हेच. डब्लिनलाही परस्पर जाता येईलच असं नाही, आयर्लंडची परवानगी वेगळी लागू शकते.

---

मांडवीकार | १३ जानेवारी, रात्री ७:३०

हां, पण आमचं जमतं!

मी मूळचा म्हापशाचा, स्विंडनला असतो. इथं गोंयकार किती आहेत ते सांगायला नको, रविवारी चर्चबाहेर उभं राहिलं की वाटतं मडगावच्या बाजारात आलोय. आमच्यातल्या बहुतेकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. त्यामुळे ब्रिस्टलहून ॲमस्टरडॅम आणि तिथून मुंबई हा प्रकार मी दोनदा केला. छोट्या पल्ल्याचा ब्रिटिश कर किरकोळ, नेदरलँड्सचा तीसेक युरो. पण हीसुद्धा दोन वेगळी तिकिटं, वर केरसुणीताई म्हणाल्या तसलीच, म्हणून मी आदल्या दिवशी जाऊन राहतो. हॉटेलचे पैसे धरले तर एकट्याला परवडत नाही, चौघांचं कुटुंब असेल तर परवडतं. आणि ओसीआय कार्ड (परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीयांचं) घरी विसरू नका. माझ्या भावानं विसरलं होतं, त्याची गोष्ट कधीतरी वेगळ्या धाग्यावर.

खरं दुःख वेगळं आहे. गोव्याच्या मोपा विमानतळावरून लंडनच्या गॅटविकला थेट विमान होतं. आई दुपारचं जेवून विमानात बसायची आणि संध्याकाळी माझ्याकडे. जून २०२५ मध्ये एअर इंडियानं ते थांबवलं. आता मुंबईला जा, तिथं टर्मिनलवर ताटकळा. आमच्या म्हाताऱ्या माणसांना पैशापेक्षा याचा जास्त त्रास.

---

जाईजुई | १३ जानेवारी, रात्री ९:५०

मांडवीकार, पुणेकरांचंही तेच हो. विमानापेक्षा पुणे-मुंबई रस्त्याची भीती. बाबा म्हणतात, "दहा तास आकाशात बसेन, पण खंडाळ्याच्या घाटात टँकर उलटला तर?" पहाटेचं विमान असेल तर ते आदल्या दुपारीच निघणार, हे मी लिहून देते.

तिकीटखिडकी काका, पुण्याहूनच तिकीट सुरू केलं तर?

---

तिकीटखिडकी | १४ जानेवारी, सकाळी ६:५५

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या.

पुण्याहून एकाच तिकिटावर दिल्लीमार्गे लंडन जरूर बघा. एअर इंडियाची दिल्ली-हीथ्रो रोज एकाहून जास्त विमानं आहेत. बॅग पुण्यात टाकली की थेट लंडनला, दिल्लीत इमिग्रेशन करायचं. दोन्ही उड्डाणं एकाच टर्मिनलवरून आहेत ना, तेवढं बघून घ्या. कधीकधी हे मुंबईच्या थेट विमानापेक्षा स्वस्तही निघतं, कारण भाडं अंतरावर ठरत नाही. दिल्लीत कंपन्या एकमेकींशी भांडत असतात, म्हणून भाव पडतो. पुणे-मुंबई टॅक्सीचे साडेतीन-चार हजार आणि एक्सप्रेसवेचा टोल वाचतो तो वेगळा.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. थंडीत दिल्लीला धुकं असतं, डिसेंबर-जानेवारीत मी कुणाला हा रस्ता सुचवत नाही. एप्रिलमध्ये ती भीती नाही. आणि एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद आहे. त्याचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीच्या उड्डाणांना जास्त, वळसा पडतो. ब्रिटिश कंपन्यांना ते आकाश खुलं आहे.

थेट विमानांत एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज, व्हर्जिन अटलांटिक तर होतेच, इंडिगोनंही ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई-हीथ्रो सुरू केलं. चौथा आला की बाकीचे तिघे जरा वाकतात. चारही कंपन्यांच्या स्वतःच्या साइटींवर बघा. गूगल फ्लाइट्सवर तारखांचा आलेख असतो, त्यात कुठला आठवडा खाली आहे ते दिसतं. अक्षरांचे कप्पे, कर, इंधनाचा अधिभार असं सगळं सुटं करून बघायचं असेल तर आयटीए मॅट्रिक्स आहे. दिसायला जुनाट आहे, तिथून तिकीट विकत मिळत नाही, पण आतलं खरं सांगतं. गूगलनं २०११ साली ती कंपनीच विकत घेतली, गूगल फ्लाइट्स तिच्याच जिवावर चालतं.

---

उनाड | १४ जानेवारी, सकाळी ११:२०

काका, एक गुपित प्रश्न. एकेरी तिकीट ७० हजार आणि परतीचं ६५ हजार, असं मला दिसतंय. मग परतीचं काढून परत आलोच नाही तर?

---

तिकीटखिडकी | १४ जानेवारी, दुपारी १२:१०

हे गुपित सगळ्या विमान कंपन्यांना माहीत आहे. लांब पल्ल्याच्या जुन्या कंपन्या एकेरी तिकीट महागच ठेवतात, कारण एकेरी जाणारा बहुधा अडलेला असतो. नोकरीवर रुजू व्हायचंय, कॉलेज सुरू होतंय. परतीचा तुकडा न वापरण्यानं सहसा काही होत नाही, पण अटींत ते बसत नाही आणि सवय लागली तर कंपनी तुमचे जमलेले पॉइंट गोठवू शकते. उलटं मात्र कधी करू नका. पहिला तुकडा सोडून दुसऱ्यावर चढायला गेलात तर तिकीट आधीच रद्द झालेलं असतं. माझ्या एका गिऱ्हाइकाचं तसं झालं होतं. मुलाच्या गाडीनं दिल्लीला गेला, पुणे-दिल्ली तुकडा सोडला आणि थेट दिल्लीच्या काउंटरवर उभा राहिला. बायको रडत, मी फोनवर.

---

डेक्कनवाला | १४ जानेवारी, दुपारी १२:४०

मी अजूनही मंगळवारीच बघणार. (हलके घ्या)

---

जाईजुई | १७ जानेवारी, सकाळी ११:३०

झालं!! तिकीट काढलं. सविस्तर लिहिते, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

जाणं २१ एप्रिल, मंगळवार (डेक्कनवाला, तुमच्यासाठी). परती ९ सप्टेंबर, गणपतीच्या पाच दिवस आधी. एवढ्यात इथल्या शाळा सुरू झालेल्या असतील. मुंबई-हीथ्रो थेट, दोघांना प्रत्येकी ६३,४००, करांसकट, प्रत्येकी एक २३ किलोची बॅग धरून. सुरुवातीच्या ९४ वरून. दिल्लीमार्गे आणखी पाच हजारांनी कमी दिसत होतं, पण मालतीकाकूंचं बाकडं डोळ्यांसमोरून हलेना.

बाबांना दुसरीच काळजी होती. अहमदाबादच्या अपघातापासून ते प्रत्येक तिकिटावर "विमान बोइंग ७८७ आहे का?" विचारतात. त्यांना दाखवलं की लंडनला येणाऱ्या चारही कंपन्यांकडे ७८७ आहेत. मग म्हणाले, "मग काय, बसायचंच."

एक घोळ झालाच. रात्री साडेअकराला नवऱ्यानं पैसे भरले आणि सकाळी मी पासपोर्टशी ताडून बघितलं, तर आईच्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात तिचं आणि बाबांचं अशी दोन नावं आहेत. तिकिटावर फक्त तिचं. हातपाय गार पडले. तिकीट कंपनीच्या साइटवरून थेट काढलं होतं आणि प्रवासाला सात दिवसांहून जास्त अवधी होता, म्हणून भारतातल्या तेव्हाच्या नियमानं पहिल्या २४ तासांत बदल फुकट होता. फोनवर पस्तीस मिनिटं संगीत ऐकलं, पण झालं. तिसऱ्याच्या साइटवरून काढलं असतं तर कुणाला फोन करायचा होता देव जाणे. लग्नानंतर नाव बदललेल्या सगळ्या आयांच्या लेकींनो, पासपोर्ट हातात धरून तिकीट काढा.

व्हीलचेअर दोघांसाठी सांगितली. बाबा "मला कशाला" म्हणून रुसलेत.

---

केरसुणी | १७ जानेवारी, दुपारी १२:०५

अभिनंदन! व्हीलचेअर फुकट असते आणि हीथ्रोच्या इमिग्रेशनची रांग बघितली की बाबांचा रुसवा जाईल. आईंना सांग, पासपोर्ट स्वतःच्याच पर्समध्ये ठेवायचे, मागितले की दाखवून परत घ्यायचे.

---

हिशेबनीस | १७ जानेवारी, दुपारी १:३०

तूप आणि पेढे बॅगेत नकोत. भारतातून दूध-मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत, काढून घेतात. अनारशाचं पीठ म्हणजे तांदूळ आणि गूळ, त्याची अडचण दिसत नाही. तळायला तूप इथेच मिळेल, वेंब्लीत.

---

तिकीटखिडकी | १७ जानेवारी, दुपारी २:००

छान झालं. मार्चच्या शेवटी एकदा बुकिंग उघडून बघा. तेव्हा उन्हाळी वेळापत्रक लागतं, वेळा मागेपुढे होतात आणि निवडलेल्या सीट कधीकधी मुकाट्यानं हलवलेल्या असतात. वेळ फार बदलली तर तारीख फुकट बदलून मागता येते. हे ते स्वतःहून सांगत नाहीत.

---

उंटावरचा_शहाणा | १७ जानेवारी, दुपारी ३:१५

जाईजुई, डिसेंबरचं काय? तुम्ही स्वतः जाणार असाल तर आत्ताच बघा. मी २५ डिसेंबरला निघतो, त्या दिवशी विमान रिकामं आणि स्वस्त.

---

जाईजुई | १७ जानेवारी, दुपारी ३:४०

आणि विमानतळावर कसे पोचता? ख्रिसमसला लंडनची ट्यूब ट्रेन बंद असते!

---

उंटावरचा_शहाणा | १७ जानेवारी, दुपारी ३:४२

मँचेस्टरला बायको सोडते. म्हणून तर ती माझ्याबरोबर येत नाही.

---

जाईजुई | १७ जानेवारी, रात्री १०:१५

आईला आत्ता फोनवर हिशेब सांगितला, की मेऐवजी एप्रिलमध्ये आलात म्हणून दोघांचे मिळून साठ हजारांच्या वर वाचले. ती म्हणाली, "म्हणजे पाच महिने जावयाच्या घरी राहायचं? लोक काय म्हणतील?" मग थोडं थांबून, "बरं, मग वजनकाटा घेऊन ठेव तिकडे. परत येताना बॅग तूच भरणार आहेस."